तिनाला टाळी वाजवा, पण पाय थांबू देऊ नका

ज्येष्ठ मंडळी, सकाळी तासभर फिरायला जाणं आणि दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवणं हा अनेकांचा ठरलेला दिनक्रम असतो. मग स्मरणशक्तीसाठी वेगळं काही करायची गरज काय, असं ते विचारतात. दोन्ही सवयी चांगल्याच आहेत, पण दोन्ही एकच काम करत नाहीत. म्हणून पाय आणि डोकं एकत्र चालवणारा एक व्यायाम बघू.

रोज शब्दकोडं सोडवणारा माणूस शब्दकोड्यात तरबेज होतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २००२मध्ये आले. स्मरणाचा सराव केला त्यांचं स्मरण सुधारलं, तर्काचा केला त्यांचा तर्क. एकाचा फायदा दुसऱ्याला फारसा झाला नाही. चालण्याचं तसं नाही. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर, आठवड्यातून ३ दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटं भरभर चालले. नव्या आठवणी पक्क्या करण्यात ज्याचा मोठा वाटा असतो तो मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्यांच्यात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा मात्र आकसला.

दोन्ही जोडून काय होतं? कॅनडातल्या ‘सिनर्जिक’ चाचणीत सौम्य विस्मरण असलेल्या १७५ जणांना घेतलं होतं. २० आठवडे, आठवड्यातून ३ वेळा. हलके तोलाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, दमवणाऱ्या व्यायामाला मेंदूच्या सरावाची जोड दिलेल्यांचे स्मरण-विचाराच्या चाचणीतले गुण जास्त सुधारले. काहींना दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळीने त्यात काही भर पडली नाही. हे २०२३मध्ये प्रसिद्ध झालं. गुण सुधारले म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळला असं नव्हे, एवढं भान मात्र ठेवा. कोणी तशी हमी देऊन वर्गाची फी मागत असेल तर देऊ नका.

घरी करता येईल असा एक चांगला प्रकार जपानचा आहे. आइची प्रांतातल्या ओबू इथे वार्धक्यविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे ‘कॉग्निसाइज’, म्हणजे अंग आणि डोकं एकाच वेळी चालवणारा व्यायाम, तयार झाला. नियम थोडेच आहेत. शरीराला थोडी धाप लागली पाहिजे. डोक्याला इतकं काम हवं की मधूनमधून चुकलं पाहिजे. आणि चुकणं बंद झालं की खेळ बदलायचा. तिसरा नियम लोक हटकून मोडतात, कारण जमायला लागलेली गोष्ट सोडवत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पाय जुळवून ताठ उभे राहा. एकला उजवा पाय बाजूला टाका, दोनला परत आणा. तीनला डावा बाजूला, चारला परत. पाऊल नेहमीपेक्षा थोडं लांब टाका, नाहीतर धाप लागणार नाही. आधी नुसते पाय बसवा. मग उभ्या उभ्या नुसते आकडे मोठ्याने म्हणा आणि ज्याला तीनने भाग जातो त्याला टाळी वाजवा. दोन्ही वेगवेगळं जमलं की एकत्र करा.

टाळी तीनलाच का, चारला का नाही, ते बघा. पावलांचं चक्र चारचं आहे. चारच्या पटीला टाळी दिली तर ती दर वेळी डावा पाय परत येतानाच पडेल. दोन मिनिटांत शरीराला ते पाठ होतं आणि डोकं रिकामं. तीनच्या पटीत पहिली टाळी डावा बाहेर जाताना, सहाची उजवा आत येताना, नऊची उजवा बाहेर जाताना, बाराची डावा आत येताना. टाळीची जागा सारखी सरकते, म्हणून लक्ष काढून घेता येत नाही.

तरीही हे जमतंच, आठ-पंधरा दिवसांत. मग पन्नासपासून उलटे मोजा. पुढे ज्या आकड्यात तीन दिसतो तिथेही, म्हणजे तेरा, तेवीस, एकतीसलाही टाळी. तुमच्या पिढीला पाढे, पावकी-निमकी तोंडपाठ असतात आणि गोम नेमकी तिथेच आहे. तीनचा पाढा म्हणत पावलं टाकली तर तोंड चालतं, विचार करावा लागत नाही. रामरक्षा म्हणत फेऱ्या मारण्याचंही तेच. मनाला बरं वाटतं, ते जरूर करा, पण ते या हिशेबात धरू नका. पाढा म्हणायचाच तर सतराचा, शेवटाकडून सुरुवातीकडे.

आकड्यांचा कंटाळा आला तर गावांची अंताक्षरी घ्या, दर चौथ्या पावलाला एक गाव. नाशिक, कराड, डहाणू. डहाणूला गाडी ‘ण’वर अडते, तिथे ‘न’ घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर वाद घालायला सगळे थांबतात आणि नाडी खाली येते.

गटात करताना नेहमीची फसगत म्हणजे सगळ्यांनी एका सुरात मोजणं. दोघे-तिघे मोजतात, बाकीचे मागून ओठ हलवतात. पाच-सहा जणांचं कडं करा आणि प्रत्येकाने एकच आकडा म्हणून पुढच्याकडे द्यायचा, म्हणजे कोणाला सुटका नाही. कोणी चुकलं तर थांबायचं नाही, पुढच्याने पुढचा आकडा घ्यायचा. पाय चालूच. समोर उभा राहून शिकवणारा ‘उजवा’ म्हणतो आणि त्याचा उजवा पाय लोकांच्या डावीकडे जातो, म्हणून त्याने लोकांकडे पाठ करून उभं राहावं. ऐकू कमी येणाऱ्यांना बाजूला टाकू नका. त्यांच्या चुका बऱ्याचदा डोक्याच्या नसतात, कानाच्या असतात.

एका वेळी १० मिनिटं पुरतात. मध्ये श्वास घ्या आणि झेपलं तर पुन्हा १०. जोर किती हवा? वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजणाऱ्यांसाठी हिशेब असा: २२०मधून वय वजा करा, त्यातून विश्रांतीची नाडी वजा करा, उरलेल्याचे ६० टक्के काढून विश्रांतीच्या नाडीत मिळवा. वय ७० आणि विश्रांतीची नाडी ७० असेल तर ११८ येतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर हा हिशेब सोडून द्या. ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही, आकडा गाठायच्या नादात तुम्ही नको इतके दमाल.

पडण्याची भीती खरी आहे. बोलता बोलता चालणं थांबवावं लागतं अशी वृद्ध माणसं जास्त पडतात, हे १९९७ सालीच एका स्वीडिश अभ्यासात दिसलं होतं. अशांनी आधी खुर्चीत बसून पाय बाजूला टाकावेत, मग खुर्चीची पाठ धरून उभ्याने. धरायला हात अडकला की टाळीऐवजी मांडीवर थाप. मागे पट्टा नसलेली चप्पल नको, गुळगुळीत फरशीवर पायमोजे तर नकोच. साडी घोट्याच्या वर खोचा. सतरंजीची कड पायात येते, ती गुंडाळून ठेवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. तोल फारच कमी असेल तर दोन्ही एकाच वेळी करायचा हट्ट नको. आधी बैठा खेळ, मग व्यायाम. सिनर्जिकमध्येही असं एकापाठोपाठ एकच होतं.

विसरायला होतंय म्हणूनच हे सुरू करणार असाल, तर आधी डॉक्टरांना सांगून बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल किंवा आहार पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ कमी निघू शकतं, आणि ती कमतरता औषधानेच भरून काढावी लागते. रिपोर्ट येईपर्यंत खुर्चीतला प्रकार सुरू करायला हरकत नाही.