टाकीची पाठ

(दृश्य: ॲक्वेरियमचं दुकान. ओळीने मांडलेल्या टाक्या. कॅमेरा एका चौकोनी, निळ्या उजेडाच्या टाकीपाशी थांबतो.)

निवेदन:

ॲक्वेरियमच्या दुकानात शिरलं की नजर आपोआप निळ्या उजेडाकडे जाते. माझी भाचीही तिथेच थांबली. ठाण्यात तिचा छोटा फ्लॅट आहे, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, आणि घरात समुद्रातले मासे असावेत ही तिची शाळेपासूनची हौस. ती चौथीत असताना मी तिला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. १९५१ सालचं ते मत्स्यालय, मुंबईतल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्यात. त्या दिवशी काचेला नाक लावून ती जी उभी राहिली, ती हलेचना.

"मावशी, ही बघ ना, काय सुंदर दिसतेय. चाळीस बाय चाळीस. हीच घेऊया?"

मी दुकानदाराला म्हटलं, "दादा, जरा फिरवून दाखवता का? मागून बघायचीय."

(दृश्य: टाकी वळवली जाते. मागची काळी काच, आत उभे तीन कप्पे.)

अशा ऑल-इन-वन टाकीत पुढे मासे असतात आणि मागे, काळ्या पडद्याआड, सगळी यंत्रणा. पुढचं पाणी वरच्या कडेच्या, कंगव्यासारख्या दात्यांमधून पहिल्या कप्प्यात पडतं. पाण्यावर धरलेला तवंगही त्याच वाटेने मागे जातो. पहिल्या कप्प्यात स्पंज किंवा पांढरा कापूस असतो, त्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं अडकतं. दुसऱ्यात सिरॅमिकच्या नळ्या. त्यांच्या बारीक छिद्रांत जिवाणू वस्ती करतात आणि माशांच्या अंगातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. तिसऱ्या कप्प्यातली मोटर स्वच्छ पाणी परत पुढे ढकलते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ही रचना फार सोयीची आहे. मोठ्या मरीन टँकला खालच्या कपाटात दुसरी टाकी लागते, तिला सम्प म्हणतात. त्यासाठी काचेला भोक पाडायचं, पाइप जोडायचे. वीज गेली की वरचं पाणी खाली उतरतं, आणि हिशेब चुकला असेल तर हॉलभर होतं. खालच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीत काय होतं, हे मी सांगायला नको. ऑल-इन-वनमध्ये वीज गेली तरी सगळं पाणी त्याच पेटीत राहतं.

पण तिसऱ्या कप्प्याची एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी मलाही कुणी सांगितली नव्हती.

(दृश्य: तिसऱ्या कप्प्याचा जवळून शॉट. मोजपट्टी आत उतरते.)

उघड्या टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. पुढची पातळी मात्र हलत नाही, कारण मोटर तिथे सतत पाणी आणून टाकत असते. घट दिसते ती फक्त शेवटच्या कप्प्यात. माझ्या त्या टाकीचा हा कप्पा होता नऊ बाय अकरा सेंटिमीटरचा. म्हणजे एक लिटर पाणी उडालं की तिथली पातळी दहा सेंटिमीटर खाली! पुढून बघणाऱ्याला टाकी काठोकाठ भरलेली, आणि मागे मोटर कोरडी पडत चाललेली.

मे महिना होता. चिपळूणला लग्न होतं, आम्ही तीन दिवस गेलो. "या टाकीला काही करावं लागत नाही," असं मला विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. परत आले तेव्हा दाराबाहेरच घरघर ऐकू आली. मोटर हवा ओढत होती. पाणी फिरायचं थांबलं होतं, आणि आधीच गरम झालेल्या त्या पाण्यात प्राणवायू उरला नव्हता. दोन क्लाऊनफिशपैकी एक वाळूवर आडवा होता. दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होता. तो वाचला. पण ती घरघर आजही माझ्या कानात आहे, आणि म्हणूनच मी दुकानात मोजपट्टी घेऊन जाते.

भाचीला मी तीच हातात दिली. "शेवटच्या कप्प्याची लांबी-रुंदी माप. जितका रुंद, तितके तुझे दिवस जास्त." मग हात घालून बघायला सांगितलं. मनगटसुद्धा जात नसेल, तर तो कप्पा कधीच साफ होणार नाही. ऑटो टॉप-ऑफचा छोटा सेन्सर तिथे बसतो का, तेही बघून घ्यायचं. पातळी उतरली की तो बाजूच्या कॅनमधून आपोआप पाणी सोडतो. आणि हे पाणी गोडंच हवं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. खऱ्या अर्थाने ४० लिटर पाणी असलेल्या टाकीतून तीन लिटर उडालं, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेलं मीठ ३८ च्या जवळ जातं. ३०० लिटरच्या टाकीत तेवढंच पाणी उडालं तर ते साडेपस्तीसच्याही आतच राहतं. छोटी टाकी सोपी असं लोकांना वाटतं. जागेला ती सोपी आहे, पण चुकीला तिच्यात जागा फार कमी.

(दृश्य: खोक्यावरचा लिटरचा आकडा.)

हे 'खऱ्या अर्थाने' मी मुद्दाम म्हटलं. चाळीस सेंटिमीटरचा घन म्हणजे कागदावर ६४ लिटर. मागचे कप्पे दहा सेंटिमीटर खातात, पुढे उरले ४८. वरची चार सेंटिमीटर रिकामी सोडली की ४३. तळाला चार सेंटिमीटर वाळू टाकली की ३८, आणि दगड ठेवले की माशांना पोहायला ३५ च्या आसपास. नावाजलेल्या छोट्या टाक्या बघितल्या, तर फ्लुवालची इव्हो ५२ लिटरची आहे, रेड सीची मॅक्स नॅनो ७५ ची. भाचीला मी ७५ च्या बाजूला वळवलं. जागा परवडत असेल तर पहिली टाकी त्याहून लहान घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: मे महिन्याची दुपार. खिडकीबाहेर पांढरं ऊन. टाकीच्या काचेवर थर्मामीटर: ३१.)

आता उन्हाचं बोलू. परदेशातले व्हिडिओ बघून टाकी घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. तिकडे हीटरची चर्चा असते. आपल्याकडे, निदान कोकणपट्टीत, प्रश्न उलटा आहे. या माशांना २५-२६ अंश मानवतं. मुंबईत मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये बंद खोलीच ३२-३३ ला असते, वर मोटर आणि दिवा पाण्याला आणखी तापवतात. म्हणून झाकणबंद, हूडवाली टाकी मी इथे घ्यायला सांगत नाही. हूडखाली वाफ कोंडते आणि दिव्यावर मीठ साचतं. उघडी टाकी घ्यावी आणि वर जाळी बसवावी, कारण गोबीसारखे मासे उडी मारतात. खिडकीला लावतो ती मच्छरांची जाळी चौकटीत ताणून बसवली तरी चालते.

उघड्या पाण्यावर छोटा पंखा लावला की पाणी उडताना थंड होतं. आपला कूलर चालतो तसंच. पण नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं समजलंच असेल. नागपूरच्या किंवा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याने पाण्याचं तापमान छान उतरतं, फक्त टॉप-अप भरपूर लागतो. मुंबईत मे महिन्यात त्याने कसंबसं भागतं. पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा पंखा नुसता फिरतो. ज्यांच्या खोलीत एसी दिवसरात्र चालत नाही त्यांनी चिलरचे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे, पैसे टाकीच्या किमतीतच धरावेत. कॉम्प्रेसरचा छोटा चिलर महाग आहे, आवाजही करतो, पण त्याचा उपयोग होतो. इलेक्ट्रॉनिक कूलिंगचे स्वस्त डबे एवढ्या पाण्याला पुरे पडत नाहीत. आणि टाकी निवडतानाच बघायचं, की चिलरच्या नळ्या मागच्या कप्प्यातून जातील अशी खाच आहे का.

भाची म्हणाली, "अगं, मग बजेट कसं बसवू?"

मी म्हटलं, "दिव्यात वाचव."

(दृश्य: मालवणचा किनारा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्याखालचे प्रवाळ.)

महागडे दिवे लागतात ते प्रवाळांसाठी. आणि भारतात कठीण प्रवाळ घरी ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ आले. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आले. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायला वन खात्याची परवानगी काढावी लागली होती. काहींना वाटतं, वाळलेला तुकडा चालत असेल. तोही चालत नाही. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा रीफवरचा, म्हणजे प्रवाळांच्या खडकावरचा, दगड म्हणजे प्रवाळांचाच सांगाडा. तो मागू नये, कुणी दिला तरी घेऊ नये. सिरॅमिकचे बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात, जिवाणू त्यांच्यातही तितक्याच आनंदाने राहतात. ज्याला प्रवाळ डोळे भरून बघायचेत त्याने मालवणला जावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. एकदा त्या पाण्यात तोंड घातलं, की तिथला तुकडा तोडून दिवाणखान्यात आणावा असं कुणाच्या मनातही येणार नाही.

(दृश्य: दगडाआडून डोकावणारे दोन क्लाऊनफिश.)

माशांचं म्हणाल तर या आकारात दोन क्लाऊनफिश, एखादी गोबी, एक क्लीनर झिंगा. एवढंच. निळा टँग मासा फूटभर वाढतो, त्याला इथे कोंडू नये. रंगीबेरंगी मँडरिन मासा बघून जीव हरखतो, पण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत जगतो. छोट्या टाकीतले कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात आणि तो आपल्या डोळ्यांदेखत खंगत जातो.

क्लाऊनफिश घेताना मात्र एक प्रश्न विचारायचाच: रीफवरून धरलेले, की टाकीत जन्मलेले? आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांची पैदास कधीच साधली आहे, त्यामुळे समुद्रातून धरलेला घेण्याचं काही कारण उरत नाही. टाकीत जन्मलेला घरी आल्या दिवसापासून दाणे खातो. दोन लहान पिल्लंच आणायची, नर-मादी शोधत बसायची गरज नाही. हे सगळे जन्मतः नर असतात. दोघांत जो वरचढ ठरतो तो वाढत जातो आणि त्याची मादी होते.

बाकीचं थोडक्यात. भरलेल्या टाकीचं वजन एका मोठ्या माणसाएवढं होतं, तेव्हा शोकेसच्या प्लायवर ती ठेवू नका. जुहूच्या समुद्राचं पाणी आणू नका, त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं. मरीन सॉल्ट मिळतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आणि घरच्या प्युरिफायरमधलं आरओचं पाणी वापरण्याआधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून बघा. यातले बरेच प्युरिफायर चवीसाठी खनिजं परत मिसळतात. आकडा पन्नास-साठ दिसेल. आपल्याला तो शून्य हवा, नाहीतर महिन्याभरात काचेवर शेवाळ धरतं.

(दृश्य: भाचीचं घर. हॉलच्या कोपऱ्यात टाकी. दगड, वाळू, पाणी. मासा एकही नाही.)

तिने टाकी एप्रिलच्या सुरुवातीला भरली. पुढचे सहा आठवडे त्यात फक्त जिवाणू होते. रोज संध्याकाळी ती अमोनियाच्या टेस्टचा रंग मला फोटो काढून पाठवायची. हिरवा. हिरवा. थोडा फिका. मे महिना निम्मा सरता सरता पिवळा झाला, म्हणजे अमोनिया शून्य, आणि पिवळाच राहिला. त्यानंतरच दोन मासे आले, बोटाच्या पेराएवढे.

तिसऱ्या कप्प्यावर तिने पांढरी चिकटपट्टी लावलीय. त्यावर पेनाने दोन रेघा, 'भरलेली' आणि 'धोका'. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती टॉर्च घेऊन मागे वाकते, पातळी बघते आणि मापाने पाणी ओतते. किती ओतलं ते वहीत लिहिते. मे महिनाभर त्या वहीत एकच आकडा आहे: एक लिटर, एक लिटर, एक लिटर.

(दृश्य: खिडकीवर पावसाचे थेंब. पंखा चालू. थर्मामीटर: २८.५.)

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री तिचा फोन आला.

"मावशी, आज अर्धाच लिटर लागलं गं. पंखा चालू आहे, पण पाणी साडेअठ्ठावीसवर गेलंय. हवा दमट झाली म्हणून ना? चिलर लावू?"

"लाव," मी म्हटलं.