पायरीवरचा गोंधळ

नमस्कार. पत्रिकेत विषय वाचलाच असंल, 'कॅसेटच्या दुकानात सापडलेले लोकगायक'. दुकानातला छोटासा कार्यक्रम नवीन गायक सापडायला इतका कामाचा का असतो ते मला मांडायचंय, पण आधी १९९६ ची एक दुपार सांगतो, त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

मी अकरावीला. इथं परभणीतच स्टँडजवळ जिन्याखाली एक कॅसेटचं दुकान होतं. कोरी कॅसेट नेऊन दिली की मालक, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, यादीतली गाणी भरून द्यायचे. इथं पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत त्यातल्या निम्म्यांनी लग्न ठरल्यावर अशी एक कॅसेट भरून घेतलीच असणार, हसा, कुणासाठी ते विचारत नाही मी! तर माझी कॅसेट भरणं चालू होतं आणि लाईट गेली. मे महिना, आपल्याकडचं ऊन, जावं कुठं? पायरीवर एक गोंधळी मामा टेकले होते, सोबत संबळ घेऊन त्यांचा पोरगा. काका म्हणले, "मामा, डेक तर बंद पडला, आता तुम्हीच म्हणा काहीतरी."

मामांनी पिशवीतून तुणतुणं काढलं. गोंधळ मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कसा, तर मांडवात मागं बसून, अर्ध्या झोपेत, कर्ण्यातून. इथं गाणारा माणूस हाताच्या अंतरावर. श्वास कुठं घेतो, पोराला डोळ्यानं कधी खुणावतो, सगळं दिसत होतं. गोंधळात आधी देवांना आवतण असतं ना, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, एकेकाचं गाव आणि नाव घेऊन बोलवायचं. रिक्षावाले थांबले, समोरच्या रसवंतीतले लोक गिलास हातात घेऊनच आले. पाऊण तास झाला असंल, मग लाईट आली, डेकमधून माझं अर्धवट गाणं जोरात वाजायला लागलं आणि काकांनी पळत जाऊन ते बंद केलं.

मी विचारलं, ह्यांची कॅसेट हाये का? काकांनी काढून दिली. पिवळं कव्हर, देवीचा फोटो, कंपनीचं नाव, किंमत, आणि खाली 'पारंपरिक'. गाणाऱ्याचं नाव कुठंच नाही! मामा म्हणले, "आवाज माझाच हाये बाळा. एका दिवसात भरून घेतलं, पैसे दिले, झालं." सगळ्या मुलखातल्या देवांना नावानिशी बोलावणारा माणूस आणि त्याचंच नाव कव्हरवर नाही, ह्याचा मला आजपण राग येतो. वरून रात्रभराचा गोंधळ ६० मिनिटांत कोंबलेला, एका बाजूला ३०, म्हणजे आख्यान गेलंच. ह्याच परभणीतले राजारामभाऊ कदम गोंधळी म्हणून नावानं ओळखले गेले, पण असे किती? आणि मीपण त्या दिवशी नाव विचारलं नाही. पुढं घर बदलताना कॅसेट गेली, दुकानपण गेलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, मुद्द्यावर येतो.

बाहेर ह्या प्रकाराला इन-स्टोअर म्हणतात. लंडनचं रफ ट्रेड १९७६ चं, अमेरिकेत बर्कलीचं अमीबा १९९० चं, अशा रेकॉर्डच्या दुकानांत कलाकार रॅकच्या मधेच गिटार घेऊन उभा राहतो, बहुतेक वेळा फुकट, अर्धा-पाऊण तास, आणि मग काउंटरपाशी रेकॉर्डवर सह्या करतो. इंडी फोकवाल्यांच्या, म्हणजे मागं मोठी कंपनी नसलेल्यांच्या, फार कामाचं हे. २००८ पासून एप्रिलमधे रेकॉर्ड स्टोअर डे होतो, पहिला १९ एप्रिलला झाला, छोटी दुकानं जगावीत म्हणून, त्या दिवशी तर खूप दुकानांत गाणं असतं. हे चालतं कशामुळं, तर दुकानदाराला तुमची आवड माहीत असते, गाणारा समोर असतो, आणि चेहरा, नाव, रेकॉर्ड तिन्ही एकाच वेळी हातात पडतात. मामांच्या कॅसेटमधे ह्यातलं काय होतं? आवाज तेवढा.

आता कॅसेटची दुकानं नाहीत, पण पुस्तकांची हायेत, मोबाईलची तर गल्लोगल्ली. महिन्यातून एक संध्याकाळ, अर्धा तास, माईक नको. बाहेर पाटीवर गाणाऱ्याचं नाव आणि गाव मोठ्या अक्षरात, आणि क्यूआर कोड लावायचा तो त्याच्याच खात्याचा. गोंधळी, आराधी, भारूडवाले, गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांना बोलवा. दोन दुकानदार इथंच बसलेत, कार्यक्रम झाला की मी तुमच्याकडंच येणार हाये.

आणि एक, कुणाच्या घरी माळ्यावर ती पिवळ्या कव्हरची कॅसेट असली तर फेकू नका, मला ऐकवा. तो आवाज मी ओळखतो.