आधी गच्चीवरचं आकाश, मग माळावरचं

आकाशदर्शनाला गडद काळोखाची जागा हवी, ती जवळपास नाही, म्हणून राहून गेलं, असं पुष्कळ जण मला सांगतात. मी त्यांना उलटच सांगतो. पहिले काही महिने काळोखात जाऊच नका. अमावास्येला मोकळ्या माळावर दोन-तीन हजार तारे एकदम समोर येतात आणि नवखा माणूस त्यात ओळखीचं नक्षत्रसुद्धा हरवून बसतो. दिव्यांच्या उजेडात गच्चीवरून ठळक तेवढेच तारे दिसतात. आकृत्या ओळखायला शिकताना ही मोठी सोय आहे.

सुरुवात मृग नक्षत्रापासून करा. जानेवारी-फेब्रुवारीत अंधार पडला की चार ठळक ताऱ्यांचा चौकोन शोधा. मधोमध एका ओळीत तीन तारे दिसतील, तो बाण. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, आपल्यापासून 8.6 प्रकाशवर्षांवर. दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. एका रेघेवर केवढा मुलूख हाती आला बघा!

आता रोज त्याच वेळी, त्याच जागी उभे राहा. तारे दररोज सुमारे 4 मिनिटं आधी उगवतात, म्हणजे पंधरवड्याला तासभर. वाचून हे पाठ होतं. पण कठड्यावर दिसणारा व्याध तीन आठवड्यांत किती वर सरकला हे स्वतः पाहिलं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खरोखर पटतं.

दुर्बिणीची घाई करू नका. घ्यायचीच तर आधी 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटरच्या भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्या. हात नीट टेकवून धरली तर तिच्यातून गुरूचे चंद्र दिसतात, 1610 मध्ये गॅलिलिओने पाहिले तेच.

एवढं अंगवळणी पडलं की मग काळोखात जा. अमावास्येच्या आगेमागे जा, कारण अर्धा चंद्रही फिकट तारे पुसून टाकतो. जागा निवडताना एकच पाहा : आपल्याला ज्या दिशेचं आकाश बघायचंय त्या दिशेला गाव नको. उंचावर धूळ आणि बाष्प कमी. लडाखमधल्या हानले इथली वेधशाळा 4,500 मीटरवर बांधली ती याचसाठी. आपल्या जागी पोचल्यावर डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं द्या. एकदा मोबाइल उघडला की ती मिनिटं वाया जातात, म्हणून नकाशा बघायला मंद लाल दिवा ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर उत्तरेला शर्मिष्ठा नक्षत्राच्या पाच ताऱ्यांचा M शोधा. त्याच्या दोन शिखरांपैकी जास्त टोकदार शिखर ज्या दिशेला रोखलेलं असतं तिकडे देवयानी दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. पहिल्यांदा मी तिच्याकडे थेट टक लावून बघत राहिलो आणि काहीच दिसेना. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूवर नसतात, त्याच्या भोवती असतात. म्हणून नजर किंचित बाजूला न्यायची. तशी नेली आणि काचेवर श्वास सोडल्यावर उमटावा तसा एक लांबट, धूसर ठिपका हळूच वर आला. पुन्हा सरळ पाहिलं, विझला. बाजूला पाहिलं, परत आला. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश होता, आणि मधे एक भिंगसुद्धा नव्हतं.