धक्का मारू नका

नमस्कार श्रोतेहो. पाऊस लागला की पुण्यातल्या बाइकवेड्यांना शनिवारची रात्र मोठी वाटायला लागते. उजाडलं की कुणी पाबे घाटात, कुणी ताम्हिणीला, कुणी वेल्ह्यावरून मढे घाटाकडे. मीही त्यातलाच. पण आज घाटाची वर्णनं नकोत. आज सीटखालच्या एका प्लास्टिकच्या डब्याबद्दल बोलू.

त्याला एअर बॉक्स म्हणतात. इंजिनाची सगळी हवा यातून, आतल्या फिल्टरमधून गाळून जाते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या डोळ्यांपुढे आणा! एवढी हवा ओढणारं तोंड बंद करता येत नाही, हीच सारी अडचण. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून काही उत्साही मंडळी जूनमध्येच डब्याची सगळी भोकं चिकटपट्टीनं बुजवतात. मग गाडी काळा धूर सोडते, चढावर दम टाकते, आणि हे बिचारे कार्ब्युरेटर खोलून बसतात.

काही वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या पुढे एका ओढ्यात माझी गाडी आडवी झाली. पाणी गुडघाभर, पण गाडी झोपली की गुडघाभरही पुष्कळ. उठवली, स्टार्टर दाबला. ‘ठक्’ झालं आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. इथं थांबायला हवं होतं. पण मित्रांनी उतारावर धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरात क्लच सोडला. डब्यातून इंजिनात पाणी शिरलं होतं. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरली नाही आणि खालचा कनेक्टिंग रॉड वाकला. नाना पेठेत दोन दिवस सुटे भाग शोधले. मिस्त्रींनी वाकडा रॉड माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “शोकेसमध्ये लावा. घरातली सगळ्यात महाग वस्तू आहे.”

म्हणून गाडी पाण्यात पडली तर आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण. मग तिला कोरड्यात आणून एअर बॉक्स उघडायचा. फिल्टर भिजलेला दिसला तर पाणी आत गेलं असं धरून चाला. स्पार्क प्लग काढा, तोंड बाजूला घ्या आणि सावकाश किक मारा. प्लगच्या भोकातून पिचकारी उडेल. ती थांबेपर्यंत मारत राहा. जुने लोक स्कूटर वाकडी करून मग किक मारायचे, आठवतं? इथं दोघांनी मिळून गाडी मागच्या चाकावर उभी करायची, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी ओघळतं. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं, तर ती गाडी टेम्पोतून घरी आणा.

खरं सांगू? माझ्या फिल्टरनं ओढ्यापेक्षा जास्त पाणी वॉशिंग सेंटरवर प्यायलंय. तिथला जोरदार फवारा सीटखाली गेला की डबा भरलाच. धुण्याआधी डब्याच्या तोंडात फडकं कोंबावं. आणि ते काढायची आठवण राहावी म्हणून किल्लीलाही त्याच रंगाची चिंधी बांधावी. हसू नका, मी एकदा फडक्यासकट निघालोय.

आता चिखल. ओला चिखल एवढा वाईट नाही. डब्यात उडालेला चिखल वाळतो आणि त्याची पिठासारखी धूळ होते, ती वाईट. ती आत गेली की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात. डर्ट बाइकला, म्हणजे चिखल-मातीत चालवायच्या गाडीला, बहुधा फोमचा फिल्टर असतो. त्या फोमला धूळ धरता येते ती त्याच्यातल्या चिकट तेलामुळे. कोरडा फोम म्हणजे नुसती चाळणी. फोम रॉकेलनं धुवावा, मग साबणाच्या पाण्यानं, आणि सावलीत पूर्ण वाळवावा. पेट्रोल नको, त्यानं सांध्यांचा डिंक सुटतो, शिवाय भडका उडायची भीती. नंतर फिल्टरचंच तेल घालून मुठीत दाबायचा. पिळायचा नाही, फाटतो. बसवताना कडेला ग्रीसचं बोट फिरवावं, कारण धूळ फोममधून कमी आणि कडेनं जास्त शिरते. कागदी फिल्टर असेल तर मात्र तो धुवायच्या भानगडीत पडू नका, नवा घाला.

डब्याच्या तळाशी एक छोटी नळी असते, तिला बूच असतं. ट्रिपहून आल्यावर ते काढून बघा. माझ्या नळीतून परवा चमचाभर लाल पाणी आलं, आणि मी मुळशीला जाऊन आलोय हे न सांगताच घरी कळलं.

आणि हो, खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर पुण्यातल्या भिडे पुलावरून पाणी वाहताना डर्ट बाइक घेऊन कडेला उभे राहणारे वीर दरवर्षी दिसतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे कुठलाही फिल्टर नाही. नमस्कार.