चतुर्थी, तोफ आणि काकू

श्रोतेहो, नमस्कार. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण लोक गणपतीला नमस्कार करतात, फोटो काढतात नि परततात. मंडळी, हा नुसता किल्ला नव्हे, आंग्र्यांच्या आरमाराचा कारखाना होता. तटाबाहेर गलबतं दुरुस्त करायची गोदी होती. १८४२ साली इंग्रजांनी आतल्या लाकडी इमारती लिलावात काढल्या, दगड अलिबागच्या पाणीयोजनेला नेले.

जायचं कधी? तिथीला पाऊणने गुणा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी नऊला ओहोटी. पुन्हा सांगतो, तिथीची पाऊणपट. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर, पाणी फारसं हटतच नाही. म्हणून भिंतीवर दिनदर्शिका हवी! मोबाइलमध्ये तिथी शोधेस्तोवर गुडघे भिजतात.

तर आमच्या शेजारचे काका. लालबागच्या गिरणीत फिटर होते. त्यांच्यासोबत आम्ही गेलो चतुर्थीलाच. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. काका पहिलीपाशी उकिडवे बसले ते बसलेच. रुमालाने अक्षरं पुसली आणि बोट फिरवत वाचली, ‘डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड’. मग चाकाच्या तुंब्यात बोट घालून म्हणाले, “ग्रीस मारलं तर अजून फिरेल.”

काकू म्हणाल्या, “अहो, अकरा वाजत आले. तीनला भरती.”

“दोन मिनिटं.”

“गिरणीतही हेच. पाळी सुटली तरी माणूस मशिनीशी!” काकूंनी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि निघाल्या. मागे वळून बघितलं नाही.

काका उतरले तेव्हा वाटेवर पाणी चढलेलं. शेवटी घोडागाडी. गाडीवाल्याने सांगितला तो भाव मुकाट्याने कबूल. किनाऱ्यावर काकू शहाळं पीत बसलेल्या. (तिथे शहाळंच प्या, हॉटेलातली ती भडक गुलाबी सोलकढी कोकमाच्या आगळाची नसते, माझं ठाम मत आहे.) काका उतरले, पँट मांडीपर्यंत ओली. काकू गाडीवाल्याला म्हणाल्या, “बाबा, परतीचे पण आत्ताच घे. दुसरी तोफ बघायची राहिलीय त्यांची.”

पट्ट्याच्या चपला घाला, खडकावर कालवं धारदार असतात. आणि तिथीची पाऊणपट! नमस्कार.