टेबलावरून उतरवण्याआधी

[दृश्य: रुग्णवाहिकेचं मागचं दार. स्ट्रेचर बाहेर येतं. रुग्णाचा उजवा हात कडेवरून खाली लोंबतोय.]

तोंड डावीकडे ओढलं गेलंय. डोळेही डावीकडेच वळलेत. हात उचलायला सांगितला की कपाळाला आठ्या पडतात, पण हात जागचा हलत नाही. बोलायला जातात, शब्द येत नाही.

लकव्याचा झटका आहे, हे इथे उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं. मेंदूचा डावा भाग अडचणीत आहे, हे डॉक्टरांना दिसतं. पण आत रक्तवाहिनी तुंबलीये की फुटलीये, हे नुसतं तपासून छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. शंभरांतले सुमारे 85 झटके गुठळीचे, उरलेले रक्तस्रावाचे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी मेंदूचं चित्र, मग औषध. हा क्रम बदलता येत नाही. दोन्हींमधला वेळ मात्र कमी करता येतो, आणि तो रुग्णालयाच्याच हातात असतो.

[दृश्य: मार्गिका. स्ट्रेचरसोबत चौघं चालतायत. भिंतीवरचं घड्याळ, 10:31.]

स्ट्रेचर तपासणी कक्षातल्या खाटेकडे वळलं नाही, हे बघा. रुग्णवाहिकेतून आधीच फोन आला होता. तेव्हाच सीटी स्कॅनचं टेबल रिकामं करून ठेवलंय, मेंदूचं चित्र तिथेच निघतं. खाटेवर घ्या, कपडे बदला, केसपेपर काढा, ईसीजी होऊ द्या, यातलं प्रत्येक काम वाजवी वाटतं आणि प्रत्येक काम पाच-दहा मिनिटं खातं. इथे ती सगळी नंतर.

चालता चालता उरकायची कामं वेगळी आहेत. बोटाला टोचून साखर बघतात. साखर 50 च्या खाली गेली तर ती हुबेहूब लकव्याचं रूप घेते, आणि ग्लुकोज दिलं की हात उठू लागतो. इंजेक्शनआधी जिचा निकाल प्रत्येकच रुग्णात हातात हवा, अशी रक्ततपासणी ही एकच. बाकीचे नमुने पाठवायचे, त्यांच्यासाठी थांबायचं नाही. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध सुरू असेल तरच आयएनआरची, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणाऱ्या आकड्याची, वाट बघायची, कारण तो 1.7 च्या वर असेल तर इंजेक्शन बाद.

कोपराच्या खळगीतल्या मोठ्या शिरेत व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत बसवायची नळी, लागते, जाड हवी: हिरवी किंवा गुलाबी. घाईत मनगटावर बारीक निळी लावली, की पुढे डाय, म्हणजे धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात तो द्रव, सेकंदाला 4 ते 5 मिलिलिटर वेगाने ढकलताना ती तग धरत नाही. शीर फुटते, डाय कातडीखाली पसरतो, अँजिओग्राफी वाया जाते.

[दृश्य: रुग्णाची मुलगी. हातात मोबाइल, बोट कॉलच्या यादीवरून खाली सरकतंय.]

“बाबांना शेवटचं धड बोलताना कुणी पाहिलं? किती वाजता?”

प्रश्न नीट ऐका. झटका कधी आला, असं विचारलेलं नाही. शेवटचे ठीक कधी होते, असं विचारलंय. उपचाराची मुदत तिथून मोजतात. सकाळी जाग आली तेव्हाच हात हलत नसेल, तर घड्याळ रात्री झोपल्यापासून धरायचं. न्हाणीघरात पडलेले सापडले, तर सापडल्याची वेळ कामाची नाही. मुलीला आठवत नाही, पण फोनला आठवतं: 9:14 ला तीन मिनिटांचा कॉल. “माझ्याशी व्यवस्थित बोलले.” निवासी डॉक्टर ही वेळ पेनाने हातमोज्यावर लिहून घेतात.

[दृश्य: सीटी कक्ष. डोकं साच्यात, कपाळावरून पट्टा.]

कानातलं, केसातली पिन, कवळी बाहेर. धातू राहिला तर चित्रावर चांदणीसारख्या रेघा उमटतात. डोकं सरळ बसवण्यात टेक्निशियनची अर्धी मिनिट जाते, ती जाऊ द्यावी. डोकं तिरपं राहिलं तर डावी-उजवी बाजू एकाच पातळीवर कापली जात नाही, आणि दोन बाजूंची तुलना हाच तर सगळा खेळ आहे. रुग्ण हलला तर पुन्हा काढावं लागतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

1 ऑक्टोबर 1971. लंडनमधल्या विम्बल्डनचं अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटल. गॉडफ्री हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या सीटी यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला छेद घेतला. चित्र उणंपुरं 80 गुणिले 80 चौकोनांचं होतं. त्याआधी कवटीच्या एक्स-रेत हाड दिसायचं, मेंदू नाही. 1979 चं वैद्यकाचं नोबेल हाउन्सफील्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळून गेलं. पाणी शून्य, हवा उणे 1000 ही घनतेची मोजपट्टी आजही हाउन्सफील्ड यांच्याच नावाने चालते. या पट्टीवर मेंदूचा राखाडी भाग 35 ते 40 च्या आसपास, पांढरा भाग 25 ते 30, आणि ताजं साकळलेलं रक्त 50 ते 70. फरक दिसायला लहान आहे, पण रक्तस्राव आहे का, या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यावर काही सेकंदांत मिळतं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. मेंदूचे छेद वर-खाली सरकतायत.]

पांढरा डाग नाही. रक्तस्राव नाही.

आता गुठळीच्या खुणा. त्या पहिल्या तासांत पुसट असतात, आणि पडद्याची मांडणी नेहमीचीच ठेवली तर हमखास निसटतात. राखाडी छटांची खिडकी, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या घनतेचा पल्ला, अरुंद केली की फरक डोळ्यात भरतो. इथे खिडकी अरुंद होताना दिसतेय. डाव्या बाजूला इन्सुलाची, म्हणजे मेंदूच्या घडीत दडलेल्या भागाची, कड विरघळल्यासारखी झालीये. त्याच्या थोडं खाली मेंदूला रक्त पोचवणाऱ्या मधल्या धमनीच्या जागी एक बारीक पांढरी रेघ आहे. ती गुठळी.

नुकसान मोजायला 2000 सालापासून एक साधी पद्धत रूढ आहे, अ‍ॅस्पेक्ट्स. मधल्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग करायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण कापायचा. इथे दोन गेले, आठ उरले. म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ आहे.

एक इशारा. सीटी निर्मळ दिसली म्हणजे झटका नाही, असं नाही. सुरुवातीला बहुतेकदा ती निर्मळच असते. मेंदूच्या मागच्या भागात, कानामागच्या जाड हाडांमध्ये, तर सीटीची नजर फारच कमजोर. चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं घेऊन आलेला रुग्ण “सीटी नॉर्मल” म्हणून घरी जातो तो इथेच. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचवणारी बॅसिलर धमनी बंद असली तर हीच चूक सर्वांत महाग पडते.

[दृश्य: टेबलाचा जवळून शॉट. रुग्ण टेबलावरच. बाजूला औषधाचा डबा. घड्याळ, 10:44.]

बहुतेक ठिकाणी रुग्णाला इथे टेबलावरून उतरवतात. पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा लिफ्ट, अतिदक्षता विभागात खाट मिळेपर्यंत थांबा, मग औषध दुकानातून आणा. हा फेरा अर्धा-पाऊण तास सहज घेतो, आणि त्यातला एकही मिनिट उपचाराचा नसतो. हेलसिंकी विद्यापीठाच्या रुग्णालयाने वर्षानुवर्षं याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला: आधी वर्दी, स्ट्रेचर थेट सीटीवर, औषध सीटीच्या टेबलावर. 1998 मध्ये रुग्णालयाच्या दारापासून इंजेक्शनच्या सुईपर्यंत मध्यक वेळ 105 मिनिटं होती, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहून जास्त लागायची. 2011 मध्ये ती 20 वर आली. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. कामांचा क्रम बदलला, आणि औषध यंत्राशेजारी ठेवलं.

हा आटापिटा का, तर 2006 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी मांडलेला हिशेब असा: मोठी धमनी बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर सरासरी मिनिटाला 19 लाख चेतापेशी मरतात. निरोगी मेंदूच्या 100 ग्रॅमला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळतं. ते 20 च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. 10 च्या खाली मरतात. हा हात आत्ता हलत नाही, त्याचा अर्थ त्याच्या सगळ्या पेशी गेल्या असा नव्हे. बऱ्याचशा गप्प बसल्यात, शेजारच्या वाहिन्यांच्या उसनवारीवर तग धरून.

[दृश्य: नर्सचे हात. कुपी, सिरिंज, रक्तदाबाचा मॉनिटर.]

मॉनिटरवर 196/112. असा दाब असताना इंजेक्शन देता येत नाही, 185/110 च्या खाली हवा. दाब उतरवणारं लॅबेटॅलॉल 10 मिलिग्रॅम, सावकाश, इथेच. पुन्हा मोजा. 172/98.

अल्टेप्लेस, म्हणजे गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन, त्याची कुपी: 50 मिलिग्रॅम पावडर, 50 मिलिलिटर निर्जंतुक पाणी. कुपी हलवायची नाही. जोरात हलवली की फेस होतो आणि माप चुकतं. हातावर हळू गोल फिरवायची, सिस्टर फिरवतायत तशी. मात्रा किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, कमाल 90. वजन 70 किलो, म्हणजे 63 मिलिग्रॅम. त्यातला दहावा हिस्सा, 6.3, एका मिनिटात शिरेत. उरलेले 56.7 पंपातून एका तासात. वजन अंदाजाने धरलं की चूक इथे शिरते, म्हणून स्ट्रेचरलाच काटा लावलेला आहे.

नेमकं काय चुकतं, ते सांगतो. पहिला हिस्सा देऊन झाला आणि पंप जोडायला दहा मिनिटं गेली. हे औषध रक्तात जेमतेम पाच मिनिटांत अर्ध्यावर येतं, त्यामुळे तेवढ्या खंडाने आधीचा हिस्सा वाया जातो. म्हणून पंप आधी भरून तयार, मग पहिला हिस्सा. दुसरं, पंप “संपलं” म्हणून वाजतो आणि नळी काढून टाकतात, तेव्हा कित्येक मिलिलिटर औषध नळीतच राहिलेलं असतं. त्याच वेगाने मागून सलाइन सोडायचं, की ते शरीरात जातं.

अलीकडे याच कामाचं टेनेक्टेप्लेस आलं. किलोमागे 0.25 मिलिग्रॅम, कमाल 25, एका दमात, काही सेकंदांत. पंप नाही, खंड पडायची भीती नाही. पण दोन गोष्टी कुपीवर ठळक चिकटवून ठेवाव्यात. हृदयविकारात याच औषधाची मात्रा जवळपास दुप्पट असते, सवयीच्या हाताने तीच भरली जाते. आणि नळीत डेक्स्ट्रोज असेल तर औषधाचा साका होतो. आधी सलाइनने धुवून घ्या.

[दृश्य: घड्याळ, 10:53. पहिला हिस्सा शिरेत. टेबल पुन्हा यंत्रात सरकतं.]

दार ते सुई, 22 मिनिटं. रुग्ण अजून टेबलावरच आहे.

औषध सुरू असतानाच डाय देऊन महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत अँजिओग्राफी. किडनीचा रिपोर्ट आलेला नाही, थांबायचंही नाही. बंद धमनी उघडण्याची निकड डायमुळे किडनीला असलेल्या धोक्याहून कितीतरी मोठी आहे.

[दृश्य: अँजिओग्राफीचं त्रिमित चित्र. उजव्या बाजूला फांद्या फुटलेलं झाड, डाव्या बाजूला खुंट.]

इथे वेगळं बोलायला काही उरत नाही. खुंट दिसतोय, गुठळी तिथे आहे.

एवढ्या मोठ्या धमनीतली गुठळी एकट्या इंजेक्शनला बहुधा दाद देत नाही. 2015 साली एकामागून एक पाच अभ्यास प्रसिद्ध झाले आणि गुठळी तारेने ओढून काढणं हा नियमित उपचार ठरला. 2018 च्या डॉन आणि डिफ्यूज 3 या अभ्यासांनी निवडक रुग्णांसाठी गुठळी काढण्याची मुदत पुढे नेली, अनुक्रमे 24 आणि 16 तासांपर्यंत. निवड कशाच्या आधारे? तर मेलेला भाग किती आणि उपाशी पण जिवंत भाग किती, हे दाखवणाऱ्या चित्रावर. झोपेत झटका आलेल्यांना एमआरआय कामी येतो. त्यातल्या डिफ्यूजन नावाच्या चित्रावर भाग उजळलाय, फ्लेअर नावाच्या चित्रावर अजून नाही, तर झटका साधारण साडेचार तासांच्या आतला, म्हणजे इंजेक्शनच्या मुदतीतला, धरता येतो, आणि ज्याला वेळच सांगता येत नव्हती त्याला इंजेक्शन मिळू शकतं.

[दृश्य: कॅथलॅब. निळी चादर, जांघेत शीथ (धमनीत शिरायची नळी). पडद्यावर तार वर चढतेय.]

जांघेतून महाधमनी, कमान, मान. वय झालेल्या कमानीला वळणं पडतात आणि कॅथेटर तिथेच घसरत राहतो. दहा मिनिटं तिथे गेली की अनुभवी हात हट्ट सोडून मनगटातून वाट धरतो. मानेत फुगा फुगवून वरचा प्रवाह थांबवायचा. बारीक नळी गुठळीच्या पलीकडे. तिथे जाळी उघडायची आणि तीन-चार मिनिटं शांत बसायचं, गुठळी जाळीत रुतेपर्यंत. मग एका संथ लयीत मागे ओढायचं, नळीतून शोषत. झटका दिला तर तुकडा तुटून पुढच्या फांदीत जातो, किंवा धमनीला इजा होते.

[दृश्य: पांढऱ्या गॉजवर जाळी. जाळीत काळपट लाल गुठळी. शेजारी मोजपट्टी. शॉट लांबू द्यावा.]

नऊ मिलिमीटर.

[दृश्य: अँजिओग्राफीचा पडदा. डाव्या बाजूचं झाड भरत जातं.]

[दृश्य: अतिदक्षता विभाग. दुसरी सकाळ.]

रक्तदाब पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग तासाला. 180/105 च्या खाली. 1995 च्या ज्या अमेरिकी अभ्यासाने हे इंजेक्शन जगाला दिलं, त्यात 100 मागे सहाजणांच्या मेंदूत लक्षणं देणारा रक्तस्राव झाला होता. अचानक डोकं दुखलं, उलटी झाली, दाब चढला, तर पंप बंद आणि पुन्हा सीटी. बोलणं आणि चालणं परत यायला महिने लागतात, काहींचं पूर्ण येत नाही.

24 तासांनी पुन्हा तेच टेबल, तोच पट्टा. डाव्या बाजूला लहानसा करडा डाग, रक्त नाही. ॲस्पिरिन आजपासून सुरू.

[दृश्य: चादरीवर उजवा हात. बोटं मिटतात, पूर्ण नाहीत. निवेदन नाही.]