लेंटची तयारी: अंड्याच्या आधीचा प्रश्न

जय ख्रिस्त मंडळी! लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ. तो सुरू होतो तो राखेचा बुधवार जवळ आला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न. "दादा, यंदा विश्वासात पुढे जायचंय, तयारी काय करू?" आणि त्याखाली हटकून दुसरा, "लेंटमध्ये अंडं चालतं का?" अंड्याकडे शेवटी येऊ.

सोपं ते पटकन उरकतो. दिवस 40. मधले रविवार धरत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर 46 भरतात. "हिशेब चुकला" अशी कमेंट नको. वाचायला बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16च अध्याय आहेत. पहाटे 4 ला केलेली प्रार्थना लवकर पोचते का? नाही हो. जाग येत असेल तर करा. उपवास झेपेल तेवढाच, शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. झालं.

आता जिथे सगळे अडतात ते. मत्तयाचं शुभवर्तमान, 5:23-24. येशू सांगतो, दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी समेट करून ये. कोणाच्या मनात? भावाच्या! आणि आपण काय म्हणतो? "माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही, मी सगळ्यांना माफ केलंय." अहो, तुमच्या मनाचं इथे विचारलंय कोणी?

हे ऐकणारे लोक गालीलातले. वेदी यरुशलेमेतल्या मंदिरात. मधे शंभरच्या वर किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. तिथे पोचल्यावर आठवलं तर अर्पणाचं जनावर सोडून गावी परत, आणि पुन्हा तेवढीच वाट! आपण दोन बाक मागे बसलेल्या वहिनींपर्यंत जात नाही, आणि प्रभुभोजनाला मात्र पहिले.

बरं, नुसतं "सॉरी हं" म्हणूनही भागत नाही. जुन्या करारातलं लेवीय 6 काढा. कोणाचं लुबाडलं असेल तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे हजाराचे बाराशे. दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचा, मेंढा त्यानंतर. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला होता.

आता खाली कोणीतरी लिहिणारच, "फिलिप्पै 3:13, मागचं विसरा, पुढे चला." दर व्हिडिओखाली असते ही कमेंट! जरा वरच्या ओळी वाचा ना. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा. हे पत्र लिहिणारा पौल मागे टाकतोय ती ही मिरवायची यादी. मंडळीचा छळ केल्याचं तो विसरलेला नाही. 1 करिंथ 15:9 मध्ये स्वतःच सांगतो, की त्यामुळे प्रेषित म्हणवून घ्यायला मी लायक नाही. आपलं बरोब्बर उलटं. आजोबांचा बाप्तिस्मा कुठल्या साहेबाने केला ते तोंडपाठ, उसने घेतलेले पैसे साफ विसरलेले.

मी काही वेगळा नव्हतो. माझं आणि चुलतभावाचं बांधावरून वाजलं होतं. नांगरताना माझ्या ट्रॅक्टरवाल्याने त्याच्या बाजूचा हातभर बांध कोरला. चार वर्षं बोलणं नाही. आणि मी प्रार्थनासभेत मोठ्याने, "प्रभू, दादाचं मन मऊ कर." वा रे वा! शेवटी एका शनिवारी संध्याकाळी गेलो. तो गोठ्यात धार काढत होता. म्हटलं, "दादा, बांध मोजून घे, जेवढा गेलाय तेवढा सोडतो. आणखी काही आहे का तुझ्या मनात?" मान वर केली नाही त्याने. बादली भरत आली तेव्हा म्हणाला, "बांधाचं जाऊ दे. आईच्या मातीला आलास आणि पाणीसुद्धा न पिता गेलास."

मला तर आठवतही नव्हतं ते! घाई होती, बस होती, काहीतरी होतं. घरी बसून कितीही आत्मपरीक्षण केलं असतं तरी हे सापडलं नसतं, कारण ते माझ्या मनात नव्हतंच. त्याच्या मनात होतं.

एका ताईंनी विचारलंय, मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे समेटासाठी परत जाऊ का? नाही, ताई. हे वचन दुखावणाऱ्याला उठवतं, मार खाणाऱ्याला नाही. आधी सुरक्षित जागी राहा.

दादा अजून फार बोलत नाही. पण त्या दिवशी निघताना म्हणाला, "चहा पिऊन जा." प्यालो. दोन कप.

हां, अंडं! ते आपापल्या पाळकांना किंवा फादरना विचारा. आणि विचारायला जाल तेव्हा त्यांच्याशीच काही बिनसलेलं नाही ना, तेही बघा.